नुब्राचं पाणी दुपारी चढतं

नुब्रा खोऱ्यात माझी पोस्टिंग झाली तेव्हा मी नायब सुभेदार होतो. इंजिनियर्सची कंपनी. माझ्याकडे ब्रिजिंग प्लाटून, अठ्ठावीस माणसं आणि नदीवरचा एक बेली पूल, म्हणजे सुट्या पोलादी भागांचा जोडपूल. पूल चालू ठेवायचा, एवढंच काम. पलीकडे दोन गावं आणि त्यांच्या वर आमच्या पोस्ट. पूल बंद म्हणजे सगळंच बंद.

आता मी ओमानमध्ये, इब्राला असतो. एका रस्ते कंपनीच्या यार्डात सेफ्टी सुपरवायझर आहे. इथे बारमाही नदी नाही, वाद्या आहेत. डोंगरात पाऊस पडला की वादी दोन तास धावते आणि मग खलास, पुन्हा दगडगोटे. यार्डाचा फोरमन सालिम इथलाच. त्याची खजुराची बाग फलजवर, म्हणजे डोंगरातून आणलेल्या पाटाच्या पाण्यावर चालते. वर्षातून पाच-सहा वेळा पाऊस बघणारा हा माणूस. मी त्याला पहिल्यांदा सांगितलं की आमची नदी पावसावर नाही, उन्हावर चालायची, तेव्हा तो हसला.

"सुबेदार, तुम मजाक करता."

मस्करी नव्हती. नुब्रा सियाचीन हिमनदीच्या तोंडातून निघते. बर्फाच्या काळपट भिंतीखालून पाणी बाहेर पडतं तेच मुळी राखाडी असतं, कारण हिमनदी सरकताना दगड दळते आणि ते पीठ पाण्यात येतं. खोऱ्यात पाऊस जवळजवळ नाही. वाळूच्या टेकड्या आहेत, दोन वशिंडांचे उंट आहेत. इब्राची माणसं ते ऐकून खूश होतात. पण वाळूला लागून हिरवंगार जवाचं शेत आणि जर्दाळूची झाडं, ती सगळी या नदीच्या आणि ओढ्यांच्या पाटांवर. पाटाचं पाणी कुणाला कधी, हे बघायला गावाने नेमलेला माणूस असतो. सालिम म्हणाला, "हमारा भी है." पुढे ही नदी श्योकला मिळते, श्योक सिंधूला, आणि सिंधू अरबी समुद्राला. इब्राहून दक्षिणेला गाडी काढली की लागतो, तोच समुद्र.

नदीला घड्याळ होतं. पहाटे सर्वांत कमी पाणी. अकराला वर बर्फ वितळू लागायचा, ते पाणी आमच्यापर्यंत यायला चार तास. तीननंतर नदी चढायची, संध्याकाळी सातला सर्वांत जास्त. आम्ही पुलाच्या खांबावर फुटांच्या खुणा रंगवल्या होत्या. नऊ फुटांवर लाल पट्टा. दर दोन तासांनी रीडिंग.

रीडिंग घ्यायला नाईक पिंगळे. खटाव तालुक्यातला, दुष्काळी गावचा. उंच, सडपातळ, मिशीवर फार जीव. रोज सकाळी चहाचा मग घेऊन पुलावर उभा राहायचा.

"साहेब, एवढं पाणी आणि घागर घेऊन एक बाई नाही. आमच्या गावात दंगल झाली असती."

जुलैचा शेवटचा आठवडा. सलग चार दिवस कडक ऊन. त्या दिवशी चौदाशे वाजताच, म्हणजे दुपारी दोनलाच, पाणी सात फुटांवर होतं. चौदा दहाला पलीकडच्या काठाचा भराव कोसळला. पूल शाबूत होता, पण पुलाचं टोक आणि जमीन यांच्यामध्ये चौदा फुटांचं भगदाड पडलं आणि त्यातून पाणी वाहायला लागलं.

पंधरा पाचला पलीकडे माणसं धावत आली. खाटेवर एक बाई. पद्मा तिचं नाव. पहिलं बाळंतपण, सकाळपासून कळा, सुईणीने हात टेकले होते. सासरा भगदाडापलीकडून हातवारे करत ओरडत होता. पाण्याच्या आवाजात एक शब्द कळत नव्हता. कळायची गरजही नव्हती.

मी कंपनीला रेडिओ केला. मेजर साहेब सेटवर आले.

"हेलिकॉप्टर?" त्यांनी विचारलं.

"साहेब, वारा आहे. आज उडत नाहीत."

"तुम्हारे पास कितना टाइम है?"

"लाल पट्ट्यापर्यंत दोन तास, साहेब. नंतर पुलावर माणूस ठेवता येणार नाही."

"डॉक्टर निकल रहा है. गो अहेड. आउट."

आमच्याकडे स्टोअरमध्ये जादा ट्रान्सम होते. ट्रान्सम म्हणजे पुलाची आडवी पोलादी तुळई, वीस फूट लांब, उचलायला आठ माणसं. भगदाडावर तीन टाकायचे, त्यावर फळ्या. पण टोक पलीकडे ओढून घ्यायला तिकडे दोर पोचायला हवा होता. दोर न्यायला माणूस.

पिंगळेने बूट काढायला सुरुवात केली होती.

"मी सांगितलं का?" मी म्हणालो.

"नाही साहेब. पण सांगणारच होता."

कमरेला दोर बांधून तो उतरला. पाणी छातीपर्यंत, आणि चार तासांपूर्वी ते पाणी बर्फ होतं. मधोमध पाय सुटला. तो गेला. मिशी, डोकं, काही नाही. आम्ही सहा जणांनी दोर ताणला. माझ्या हातांची सालं निघाली. मग दहा फूट खाली एक हात दिसला, दगड धरलेला. तो वर चढला, गावकऱ्यांनी त्याला ओढलं, आणि तो आधी मिशी पिळायला लागला. आमच्या बाजूने सगळे ओरडले.

गावातले वीस जण दोराला लागले. बायकासुद्धा. पिंगळे त्यांना मराठीत हुकूम देत होता आणि ते बरोबर ओढत होते. सोळा चाळीसला तिसरा ट्रान्सम बसला. सोळा पंचावन्नला चौघांनी स्ट्रेचर उचललं. खाली पाणी फळ्यांना चाटत होतं. पद्माने माझा दंड इतका घट्ट धरला होता की आठ दिवस वळ राहिले. सासू मागून जप करत आली. सतरा शून्य दोनला स्ट्रेचर आमच्या काठावर.

पिंगळे शेवटी येणार होता. त्याने फळीवर पाय ठेवला तोच त्याच्या बाजूची माती सुटली आणि ट्रान्समची टोकं पाण्यात गेली. तो मागे उडी मारून पडला. वाचला, पण पलीकडे अडकला. स्ट्रेचर न्यायला गेलेल्यांनी दिलेला वॉकी-टॉकी त्याच्याकडे होता.

"पिंगळे, ठीक आहेस? ओव्हर."

"ठीक आहे साहेब. इथे एक आजी मला लोकरीचा झगा घालतायत. ओव्हर."

ॲम्ब्युलन्स काठावरच उभी होती. डॉक्टर कॅप्टन म्हणाले, हलवायला वेळ नाही. आम्ही सगळे पाठ करून उभे राहिलो, अठ्ठावीसातली सत्तावीस माणसं, नदीकडे तोंड करून. सतरा पस्तीसला आतून रडणं ऐकू आलं. पाण्याच्या त्या आवाजातही ऐकू आलं.

मी सेट उचलला.

"मुलगी. आई बरी आहे. ओव्हर."

"परत सांगा साहेब. ओव्हर."

"मुलगी झाली रे! ओव्हर!"

पलीकडे बघितलं तर पिंगळे लांबलचक झग्यात, हातात लेझीम नसताना लेझीम खेळत होता. कुणीतरी ढोल आणला. सासरा, गावकरी, त्या आजी, सगळे त्याच्या मागे रांगेत, त्याच्यासारखे पाय टाकत. आवाज पोचत नव्हता, नुसता नाच दिसत होता. आमची प्लाटून या काठावर सुरू झाली. मीही. डॉक्टर कॅप्टन बाहेर येऊन आमच्याकडे बघत राहिले, मग हातमोजे काढून तेही आले.

सकाळी साडेपाचला पाणी अडीच फूट उतरलं. आम्ही ट्रान्सम पुन्हा बसवले. पिंगळे आला तो खिसे भरून जर्दाळू घेऊन.

दोन वर्षांनी तो हवालदार होऊन दुसऱ्या सेक्टरला गेला. तिथे जानेवारीत रस्त्यावरचा बर्फ काढताना कडा सुटला. सकाळचे नऊ चाळीस झाले होते. डोझरवर तो होता. जागीच गेला. मी सुट्टीवर गावी होतो. फोनवर ऐकलं आणि अंगणात जाऊन उभा राहिलो.

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी मी सालिमच्या बागेत बसलो होतो. लडाखहून व्हिडिओ कॉल आला. पद्माची मुलगी, स्तान्झिन. बारावी पास झाली होती. मागे पद्मा हसत होती, केस पिकलेले. स्तान्झिनला सिव्हिल इंजिनियरिंगला जायचं होतं. मी सालिमला फोन दाखवला, त्याने "मबरूक, मबरूक" असं अभिनंदन करत खजूर कॅमेऱ्यासमोर धरला.

मग तिने विचारलं, "अंकल, वो जो उस पार नाच रहे थे, उनका पूरा नाम क्या था? दादाजी को सिर्फ मूँछ याद है."

मी सांगितलं. तिने लिहून घेतलं आणि वाचलं, "दत्तात्रय शंकर पिंगले."

"ले नहीं बेटा. ळे. जीभ पीछे मोड़ो."

तिने प्रयत्न केला. नाही जमलं. पुन्हा केला. मागून पद्माही करायला लागली. दोघी हसत होत्या. पाचव्या-सहाव्या वेळेला ती थांबली, जीभ नीट वळवली आणि सावकाश म्हणाली,

"पिंगळे."

"बरोबर," मी म्हणालो.