रूथच्या शाळेला पण सुट्टी असते

काल सकाळी मी भाकरी थापत होते आणि रूथ ओट्याशेजारी बसून मोठ्यानं धडा वाचत होती. तिचे पप्पा गेल्यापासून तिचं मन शाळेत लागेना, म्हणून मीच तिला घरी शिकवते. तेवढ्यात मिरजेहून थोरल्या जाऊबाईंचा फोन आला. "नाताळचा फराळ करायला पोरीला घेऊन ये गं. तिला कुठं शाळा हाय?"

मैत्रिणींनो, आम्ही दोघी गेलो. दिवसभर रूथनं करंज्या लाटल्या, भांडी घासली. तिच्याच वयाच्या दोन चुलत बहिणी पलंगावर मोबाईल बघत लोळत होत्या.

मी म्हटलं, "आवं आक्का, ह्यांना पण बोलवा की."

"ऱ्हाऊ दे. सुट्टी हाय त्यास्नी, अभ्यास करून दमल्यात."

वर थोरले दीर म्हणाले, "आन् हिला तर बारा महिने सुट्टी!"

सगळे हसले. रूथ पण हसली आणि मान खाली घालून लाटत राहिली. तिचं ते हसणं बघून माझं डोकंच फिरलं. हिचे पप्पा असते तर नाताळची चांदणी टांगायला त्यांनी कौतुकानं तिलाच शिडीवर चढवलं असतं.

पोर घरी शिकते म्हणजे ती कामाला मोकळी, असं तुमच्याकडं पण धरतात का?

आज सकाळी परत फोन आला, अनारसे राहिलेत म्हणून. मी सांगितलं, "आमच्या शाळेला नाताळची सुट्टी लागली."

रूथला मी उठवलं नाही.