पोटावरची डबी

त्या उन्हाळ्यात लातूरला पाणी रेल्वेनं यायचं आणि पेशंटनं आपलं पाणी आपणच आणावं, असा दवाखान्याचा निरोप होता. वैनी उदगीरहून कॅन घेऊन आल्या. सोबत अण्णा, माझे थोरले भाऊ. मोंढ्यात त्यांची आडत. अंगातलं रक्त कमी होत चाललेलं, आतड्यात कुठं गळतंय ते दुर्बिणीला सापडेना. म्हणून कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळायची होती. एसटीतून उतरताच अण्णा म्हणाले, “आमचा जिल्हा झाला असता तर तुझ्या दारात आलो नसतो.” नव्या जिल्ह्याची उदगीरला तेव्हा रोज वाट बघत.

आमच्यात गोडी नव्हतीच. आम्ही लिंगायत; कॉलेजात मी गळ्यातलं इष्टलिंग काढून ठेवलं, तेव्हापासून ते मला चारचौघांत ‘भवी’ म्हणत. म्हणजे लिंग न घालणारा, बाहेरचा. माझ्या मुलीच्या बारशालाही म्हणाले. मी हसून घ्यायचो आणि लक्षात ठेवायचो.

टेक्निशियननं पोटावर पट्ट्या चिकटवल्या, कमरेला यंत्र बांधलं. कॅप्सूल आत कुठवर पोचली ते या पट्ट्यांना कळतं, म्हणाला. मग अण्णांच्या बेंबीपर्यंत लोंबणाऱ्या, लिंगाच्या चांदीच्या डबीकडं बोट केलं. पट्ट्यांवर धातू नको, काढावी लागेल.

“जीव हाय तोवर हे अंगावरून उतरत नसतंय,” अण्णा म्हणाले.

वैनी माझ्याकडं बघत होत्या. मला नेमके तेव्हाच आजोबा आठवले. विहिरीत उतरताना ते दोरा दंडाला गुंडाळून डबी तिथं बांधायचे. अंगावरच राहायची. आमच्या गुरूंनी, जंगमानंही, कधी हरकत घेतली नाही. एवढंच सांगायचं होतं. नाही सांगितलं. अण्णांच्या गळ्यातून ती उतरलेली मला बघायची होती.

“काढा की, अण्णा,” मी म्हणालो. “मी काढलं. मेलो का?”

त्यांनी काढली, वैनींच्या ओंजळीत ठेवली आणि कॅप्सूल गिळली. छोट्या पडद्यावर, पोटाच्या चित्रात एक ठिपका सरकू लागला. दिवसभर मी तो ठिपका बघत बसलो, त्यांच्या तोंडाकडं नाही. त्यांचा हात मात्र छाती चाचपत होता, ते दिसायचंच.

गळायची जागा सापडली, ऑपरेशन झालं, अण्णा वाचले. डबी पुन्हा गळ्यात घातली नाही. गुरूंना बोलावून परत दीक्षा घ्या, म्हणून वैनी विनवत राहिल्या. उतरलं ते उतरलं, म्हणाले. पूजेला बसणं सुटलं. मला भवी म्हणणंही सुटलं, आणि तेच मला सोसवेना.

यंदा उदगीरला गेलो आणि सांगून टाकलं. आजोबा दंडाला बांधायचे, मला त्या दिवशी आठवलं होतं, मुद्दाम बोललो नाही.



“मलाबी आठवत होतं,” अण्णा म्हणाले. “तू सांगतोस का, ते बघत होतो.”

वैनी चहा घेऊन आल्या. माझ्यापुढं कप ठेवू नको, असं अण्णांनी त्यांना हातानंच खुणावलं.