मराठीचा रकाना

रविवारी दुपारी दोनच्या ठोक्याला कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या त्या क्लासमध्ये तीनशे बारा पोरं एकदम पेपर उघडत. तीनशे अकरा खालच्या हॉलमध्ये, आणि दुसऱ्या मजल्यावर, जिथे झेरॉक्सच्या कागदांचे गठ्ठे रचून ठेवलेले असत त्या खोलीत, एकटी एक. तिचं नाव सबिना. तिच्यासमोर खुर्ची टाकून तीन तास बसणारे आकाराम चौगले सर गडमुडशिंगीहून केएमटीच्या बसने यायचे. येताना डबा आणायचे आणि खायच्या आधी विचारायचे, "जेवलीस का गं?"

क्लास नीटचा. म्हणजे बारावीनंतर मेडिकलला जायचं तर अख्ख्या देशाला जी एकच परीक्षा द्यावी लागते, तिचा. ती परीक्षा मराठीतूनही देता येते असं कळलं, तेव्हा क्लासचे मालक अमरसिंह यांच्या अंगात वारं शिरलं होतं. चौकाचौकात 'मराठी बॅच'चे फ्लेक्स लागले, त्यावर अमरसिंहांचा हात जोडलेला फोटो. त्याच वर्षी शाळेतून निवृत्त झालेले चौगले सर भाषांतरासाठी हाताशी धरले गेले. पहिल्या वर्षी अडतीस पोरं आली. मग एकोणीस, मग अकरा, चार, दोन, आणि आता ही एक. कारण उघड होतं. अकरावी-बारावीची सायन्सची पुस्तकं इंग्रजीत, शिकवणं इंग्रजीत, मग परीक्षेपुरतं मराठी घेऊन काय त्याचं लोणचं घालायचं? हे सरांनाही कळत होतं. पण कळणं वेगळं आणि मान्य करणं वेगळं, आणि सर मान्य करण्याच्या बाबतीत पहिल्यापासून जरा सावकाशच.

सोमवारी इंग्रजी पेपर ईमेलवर यायचा. एकशे ऐंशी प्रश्न. डाव्या रकान्यात इंग्रजी तसंच ठेवायचं आणि उजव्यात मराठी लिहायचं. पानाच्या तळाला दर वेळी एक ओळ टाकावी लागे : दोन्हींत फरक आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य. ही ओळ टाइप करताना सरांच्या कपाळावर आठी यायची, पण नियम म्हणजे नियम. बाकी त्यांचं राज्य उजव्या रकान्यात. परिभाषा कोशातले जड शब्द त्यांना चपलेत शिरलेल्या खड्यासारखे टोचायचे. 'संप्लवन' लिहिलं की शेजारी 'घनाचा थेट वायू होणे' असं कंसात घातल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. शनिवारपर्यंत एकेक वाक्य चार-चारदा घासून पुसून ठेवायचे. एवढ्या लाडाने तर लोक लग्नाची पत्रिकाही लिहीत नाहीत.

सरांचं स्वतःचं लग्न झालं नव्हतं. लग्नाचं वय आईच्या दुखण्यात सरलं आणि पुढे कोणी विषय काढला नाही. घरात थोरला भाऊ बाळासो, शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत जन्म घालवून आता म्हशी सांभाळणारा, आणि वहिनी. सरांची खोली माडीवर. ताट वेळेवर यायचं, चहा वेळेवर यायचा. घरात वाईट कोणी नव्हतं, आणि अडचण तीच होती. भांडायलासुद्धा कोणी नव्हतं. बाळासो बोलायचा ते दुधाचं फॅट आणि म्हशींची पेंड यावर. सरांना त्यातलं कळत नसे, आणि सरांचं कोणाला कळत नसे. आठवड्याला माणसाशी दहा वाक्यं होत असतील, त्यातली आठ रविवारची.

सबिना मुरगूडची. वडील शाळेचे गणवेश शिवत. दहावीपर्यंत मराठीत शिकून चौऱ्याण्णव टक्के पाडलेली, कोल्हापुरात लेडीज होस्टेलवर राहणारी, आणि इथल्या पोरी बोलतात तसं 'मी येतो', 'मी जातो' असं बोलणारी. पहिल्याच रविवारी पेपर झाल्यावर ती म्हणाली होती, "सर, ह्यातलं पाच शब्द लय जड हाईत बघा." सरांना कोण आनंद! पुढच्या रविवारी त्यांनी पाचही शब्दांना सोपे पर्याय शोधून आणले. तेव्हापासून तो पायंडाच पडला. पेपर संपला की सबिना पाच जड शब्द सांगायची, सर वहीत उतरवून घ्यायचे, आणि आठवडाभर त्या पाच शब्दांशी त्यांची झटापट चालायची. द्रवाचा चिकटपणा सांगणाऱ्या 'विष्यंदिता' या एका शब्दापायी त्यांनी काकवीपासून वंगणापर्यंत सगळं पालथं घातलं होतं. आपल्यावाचून या पोरीचं अडेल, असं त्यांना वाटायचं. कोणाचं तरी आपल्यावाचून अडतंय ही भावना माणसाला किती पोसते, हे एकट्यानं राहणाऱ्यालाच विचारावं.

मग जानेवारीतला तो पेपर आला. घरी बसून तिची उत्तरं तपासताना सरांना आपलीच चूक सापडली. वरून सोडलेला दगड दोन सेकंदांत किती खाली येईल, असा प्रश्न होता. उजव्या रकान्यात सरांच्या बोटाने दोनाच्या जागी तीन दाबलं होतं. तीन धरले तर उत्तर पंचेचाळीस मीटर, आणि तो पर्यायही खाली होता. सबिनानं मात्र वीस मीटरवर गोल काळा केला होता. दोन सेकंदांचं, इंग्रजी रकान्यातलं बरोबर उत्तर.

चूक तिच्या लक्षात आली असेल म्हणावं, तर ती बोलली नव्हती. एरवी एखादा काना राहिला तरी ही पोरगी बोट ठेवून दाखवायची. सर चहा विसरले. वहिनी कप उचलायला आली तेव्हा त्यावर साय धरली होती.

पुढे त्यांनी जे केलं ते चाळीस वर्षं शिकवलेल्या माणसाला शोभणारं नव्हतं. पुढच्या पेपरात त्यांनी उजव्या रकान्यातले पाच आकडे मुद्दाम बदलले. एका ठिकाणी वेग, एका ठिकाणी तापमान, एका ठिकाणी रेणूंची संख्या. प्रत्येक चुकीला साजेसं उत्तर पर्यायांत असेल अशी नीट बेतून. मराठी वाचणारा पाचही ठिकाणी फसणार, इंग्रजी वाचणारा सुटणार.

त्या रविवारी तीन तास सर समोर बसून होते. सबिना मान खाली घालून भराभर गोल काळे करत होती, आणि तिचे शिक्षक मनातल्या मनात गाऱ्हाणं घालत होते, की हिचे पाच चुकू देत. पंचवीस मार्क गेले तरी चालतील, पुढच्या वेळी भरून काढेल, पण आज पाच चुकू देत. लाज वाटत होती. तरी मागत होते.

पाच वाजले. सबिनानं पेपर दिला आणि सवयीनं म्हणाली, "लिवा सर. समस्थिती, अपस्करण, अवमंदन…"

सरांनी वही उघडली नाही. उत्तरपत्रिका पुढे ओढून त्यांनी ते पाच प्रश्न तिथेच तपासले. पाचही बरोबर.

"मराठी वाचायचं कधीपास्नं सोडलंस?"

"म्हंजे सर?"

सरांनी दोन्ही रकाने तिच्यापुढे धरले आणि बदललेल्या आकड्यांवर एकेक बोट ठेवलं. सबिनाचा चेहरा उतरला. पॅडची क्लिप उघड-मीट करत ती म्हणाली, "अकरावीच्या दिवाळीपास्नं. आधी वाचत हुतो सर, खरंच. मग वर्गात सगळं इंग्लिशच, तर डोळं तिकडंच जायला लागलं."

म्हणजे सव्वा वर्ष. सव्वा वर्ष उजवा रकाना कोणी वाचलाच नव्हता.

"मग हे शब्द? दर रविवारी पाच?"

"ते शेवटच्या धा मिंटांत हुडकत हुतो."

तीन तासांत एकशे ऐंशी प्रश्न. दहा मिनिटं म्हणजे दहा प्रश्न. मेडिकलला दोन-चार मार्कांनी नंबर जातो आणि ही पोरगी दहा मिनिटं जड शब्द वेचत बसत होती.

"कशापायी पण?"

"मी इंग्लिश घेटलं तर बॅच बंद, असं अमरसिंह सर म्हणलेते मला." ती अडखळली. "मग तुमी रविवारचं कुटं गेला असता, सर?"

सर ताडकन उठले. खुर्ची मागे पडली. "माझी काळजी करायला तुला कुणी सांगिटलं? मी काय मागायला आलोय इथं? शिकायला आलीयास का म्हातारी माणसं रमवायला?" आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असेल. सबिना रडली नाही. तिनं खुर्ची उचलून सरळ ठेवली, आणि सर पुन्हा बसले.

राग तिच्यावर नव्हता. इतके दिवस आपण या मुलीला सावरतोय अशा तोऱ्यात ते होते, आणि सावरत होती ती त्यांना. तेही सतरा वर्षांची पोर, स्वतःची परीक्षा बाजूला सारून, तीनशे पोरांपासून वेगळी, कागदांच्या गठ्ठ्यांत एकटी बसून. दर रविवारी कोणाला तरी आपली गरज आहे म्हणून आपण येत होतो, आणि आपल्याला गरज आहे म्हणून ती येत होती. हे कळल्यावर माणसानं तोंड कुठे लपवावं?

"फॉर्म कधी भरतीयास?" त्यांनी विचारलं.

"उद्या. तुमी असताना भरावा म्हणलं."

दुसऱ्या दिवशी क्लासच्या ऑफिसात कॉम्प्युटरपुढे दोघं बसली. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख. 'प्रश्नपत्रिकेची भाषा' असा रकाना आला तेव्हा सबिनानं माउसवरचा हात काढून घेतला. एकदा भरलं की बदलता येणार नव्हतं.

"सर, मराठी घेटलं तरी मी इंग्लिशच वाचणार की. काय फरक पडतोय?"

"पानं दुप्पट हुत्यात. उलटण्यात वेळ जातो," सर म्हणाले. "आणि रविवारी खाली बसायचं. पोरांच्यात. इंग्रजी टाक."

"आणि तुमी?"

"मी काय? मोकळा झालो की. ह्या अमरसिंहाचा पेपर एकदाचा गेला माझ्या मानगुटीवरनं." सर हसले. खोटं हसायला त्यांना कधी जमलं नाही, पण सबिनानं ते खरं धरल्यासारखं केलं आणि 'इंग्रजी'वर क्लिक केलं. अमरसिंहांना सरांनी स्वतःच जाऊन सांगितलं. अमरसिंह उठून उभे राहिले, 'सर, कधीही या' असं तीनदा म्हणाले. फोन वाजला म्हणून चौथ्यांदा म्हणायचं राहिलं.

त्या सोमवारी संध्याकाळी ईमेल आला नाही. सरांनी तरी इनबॉक्स दोनदा उघडून बघितला.

रविवारी ते घरीच होते. दोन वाजता त्यांनी घड्याळ बघितलं, अडीचला बघितलं, तीनला माडीवरून खाली येऊन पुढच्या सोप्यात बसले. बाळासो गोठ्यात होता. संध्याकाळी सहाच्या सुमाराला मोबाइलवर सबिनाचा मेसेज आला : सर ६४८. वीस मिनिटं उरली. मोना म्हणून एक मुलगी आहे, तिच्याबरोबर डबा खाल्ला.

याआधी ती कधी सहाशेच्या वर गेली नव्हती. सरांनी मेसेज दोनदा वाचला. छाती भरून आली, अगदी खरी भरून आली. 'शाब्बास, उरलेल्या वेळात परत तपासत जा' असं त्यांनी लिहून पाठवलं. 'हो सर' असं उत्तर आलं. मग त्यांना वाटलं, हे कोणाला तरी सांगावं.

वहिनी उंबऱ्यात शेंगा फोडत बसली होती. "भावजी, आज क्लासला गेला न्हाईसा व्हय?"

"वैनी, सबिनाला सहाशे अठ्ठेचाळीस पडलं!"

वहिनीचा हात थांबला. "कोन सबिना?"

दीड वर्षात आपण हे नाव या घरात एकदाही घेतलं नाही, हे सरांना तेव्हा कळलं. कोणी विचारत नाही म्हणून सांगितलं नव्हतं, आणि सांगत नाही म्हणून कोणी विचारलं नव्हतं.

"हाय एक," ते म्हणाले. "मुरगूडची."

"बरं," वहिनी म्हणाली, आणि शेंगांचं सूप उचलून आत गेली.