काकूंच्या लाल खुर्च्या

मला नागपुरात टिकवले ते आमच्या गल्लीतल्या चहावाल्या काकूंनी. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचे ऐकून तुम्ही हसाल.

"पैशाले बसू देऊ नको गा," असे त्या सारखे म्हणत. बायांसाठीचा सरकारी हप्ता खात्यात पडला की मोबाइल टुणकन वाजे आणि काकू भाजी अर्धी चिरलेली तशीच टाकून बँकेकडे पळत. त्यांची पक्की समजूत होती, की रक्कम रात्रभर खात्यात राहिली तर सरकारला वाटेल, हिला गरज नाही. मग नाव कटेल. म्हणून दिवस मावळायच्या आत सगळे खर्च.

पहिल्या हप्त्याला काय घ्यावे ते सुचेना. ऊन उतरले तशा घाबरल्या आणि समोर दिसल्या त्या लाल प्लास्टिकच्या खुर्च्या उचलून आणल्या. घरात एकट्या. स्वतः बसायच्या फरशीवर.

"काहून वं, यावर कोण बसन?" शेजारीण म्हणाली.

"बसन कोणीबी. खर्च झाला ना!"

पुढच्या हप्त्यात शेगडी आणि चहाचे भांडे आले, कारण दारातल्या खुर्च्या रिकाम्या बऱ्या दिसत नव्हत्या.

त्याच आठवड्यात लकडगंजातल्या लाकूड कापायच्या आरा मशीनवरचे माझे काम सुटले. शिक्षण सातवी, गाव थेट सांगोल्याकडे. आईला काय सांगू, हीच धास्ती. बॅग घेऊन स्टेशनकडे निघालो आणि वाटेत काकूंच्या दारातल्या एका खुर्चीवर टेकलो.

"गाडी कवा हाय?"

"रात्री."

"तवर बसून राहा. बसलेला माणूस दिसला की गिऱ्हाईक येते."

खरेच आले. संध्याकाळी काकूंनी माझ्या हातावर मजुरी ठेवली.

"काकू, मी तर नुसता बसलो होतो."

"ऑफिसातले साहेब काय करते मंग? उद्या लवकर ये. अन् तोंड जरा हसरं ठेव. लोकाईले वाटते चहा कडू हाय."

मी गाडी सोडली. काही दिवसांनी बसण्यावरून चहा गाळण्यावर बढती मिळाली आणि आईला पैसे जाऊ लागले. हप्त्याच्या दिवशी गल्लीतल्या बाया मेसेजची वाट पाहत तिथेच बसत. तोवर चहा उधार. पैसे पडले की उधारी फिटे. एकीने हप्त्याच्या पैशातून समोसे करायला घेतले, तर काकूंनी तेच घेऊन बाकीच्यांना विकले. कोण कोणाला पोसत होते, मला अजून कळलेले नाही. जेवत मात्र सगळेच होतो.

मग काकूंचे गुडघे गेले आणि मुलीने त्यांना उमरेडला नेले. ऑटोत बसताना मला म्हणाल्या, "खुर्च्या रिकाम्या ठेवू नको गा."

ठेवत नाही. पण हप्त्याच्या दिवशी मोबाइल वाजले की माझी नजर त्यांच्या दाराकडे जाते. पळत कोणी निघत नाही.

काकू, एक दिवस तुमच्या खात्यात माझ्या कमाईचे पैसे पडतील. मेसेज आला की पळू नका, गुडघे सांभाळा. पैशांना रात्रभर बसू द्या. माझ्याकडून तुमचे नाव कटायचे नाही.