इक्बालचा वायू

इक्बाल कामावरून आला की माझ्या दारात थांबून विचारायचा, "मावशी, आज कसला वास सुटलाय?" एका तापात त्याला वास येईनासा झाला तो कायमचाच. मी सांगायची, "तुझ्या घरी बांगडे तळतायत, माझ्याकडे मेथी." मग मान हलवून तो समोरच्या फ्लॅटमध्ये जायचा.

आणि या माणसाचं काम काय, तर कारखान्यात हवेत गळलेला विषारी वायू शोधणं! मी चौथी शिकलेली. मुलाकडे आखातात, अल मुंतझा वस्तीत राहायला आले, तेव्हापासून तो मला समजावत होता. "यंत्र एक उजेड सोडतं, डोळ्यांना न दिसणारा. समोर आरसा. वाटेत वायू असला तर तो आपल्या वाटणीचा उजेड खातो. कुठला उजेड कमी पडला ते कागदावर उमटतं. त्यावरून वायू ओळखायचा."

"उजेड काय भाकरी आहे खायला?"

"तसंच समजा."

मला काही समजलं नाही. त्याची बायको म्हणाली, "मावशी, तीन पोरी झाल्या, मलापण नाही समजलं."

ऑगस्टमध्ये एका सकाळी कागदावरची रेघ खाली गेली. इक्बालने काम थांबवून सगळी माणसं बाहेर काढली. मागाहून तपासलं तर हवा स्वच्छ. दिवस फुकट गेला. साहेब म्हणाला, "दमट हवेने यंत्र चुकलं असं लिहून दे, खलास. नाहीतर तुझं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढणार नाही." हवा दमट होतीच, माझे पापड मऊ पडले होते.

इक्बाल तो कागद घेऊन माझ्याकडे आला. "मावशी, हवेतलं पाणीही उजेड खातं. दोन्ही खुणा एकमेकींत मिसळल्यात."

"मग लिही दमट हवा. पोरींची शाळा चालू आहे."

"पण मला तसं वाटत नाही."

"तुझ्या वाटण्यावर घर चालतं का?"

त्याने लिहिलं, ‘वायू असावा. नक्की सांगता येत नाही.’ कॉन्ट्रॅक्ट गेलं.

इक्बालची मंडळी रत्नागिरीला परत निघाली त्या दिवशी लिफ्टपाशी बॅगा रचलेल्या होत्या. मी विचारलं, "आता तरी खरं सांग. वायू होता का?"

"माहीत नाही, मावशी."

"माहीत नाही, तर नोकरी कशाला घालवलीस?"

"दमट हवा होती म्हणून झालं, हे तरी कुठे माहीत होतं?"

लिफ्टचं दार मिटलं. मी चुकीचा सल्ला दिला की त्याने चुकीचा कागद लिहिला, मला अजून उमगलेलं नाही. त्याचा फोन आला की पोरींची विचारपूस करते आणि ठेवून देते.