पुरणपोळीचा वर्ग कोणता?

आमच्या हौश्या बैलाचं पोट फुगलं तेव्हा घरात जनावरांच्या आहाराचा एक प्रमाणपत्रधारक जाणकार हजर होता. तो जाणकार म्हणजे मी.

गोष्ट नव्वदच्या आसपासची. वाटूरपासून कोसभर आत आमचं गाव. जालन्याला शेतकऱ्यांसाठी पशुआहाराचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं आणि गावातून जायला दुसरं कुणीच तयार नव्हतं, म्हणून मी गेलो. (घरी सांगताना 'माझी निवड झाली' असं सांगितलं.) पहिल्याच दिवशी सरांनी टेबलावर नमुन्यांच्या बारा वाट्या मांडल्या आणि माझे डोळे उघडले! ज्या कडब्याच्या गंजीवर मी लहानपणी लोळलो, तो कडबा म्हणजे 'कोरडी वैरण', त्यात तंतू जास्त आणि प्रथिनं कमी. लसूणघास, मका ही 'हिरवी वैरण'. सरकी पेंड, तुरीची चुनी, गव्हाचा कोंडा, ज्वारीचा भरडा हा तिसरा वर्ग, 'खुराक'. पेंडीत प्रथिनं, भरड्यात ताकद. रोज रामराम घालणारा शेजारी अचानक तहसीलदार निघावा, तसं मला कडब्याबद्दल वाटलं. शेवटच्या दिवशी डोळे बांधून नुसत्या वासावर बाराही वाट्या ओळखायच्या होत्या. मी अकरा ओळखल्या. बारावीही ओळखली, पण चाखून, आणि ते नियमात बसत नव्हतं.

घरी आल्यावर मी एक भला मोठा पुठ्ठा घेतला. त्यावर तीन रकाने आखले, बाराही नमुने कागदाच्या पुड्या करून कणकेच्या खळीने चिकटवले, प्रत्येकाखाली त्याचं पोषणमूल्य लिहिलं आणि मधोमध, सगळ्यांना दिसेल असं, माझं प्रमाणपत्र डकवलं. तो तक्ता सुतळीने गोठ्यातल्या खुंटीला टांगला आणि घरातल्यांची शिकवणी सुरू केली. बायको सुमन दोन दिवसांत सगळं पाठ म्हणायला लागली, पण म्हणताना हसायची. आईने मात्र परीक्षेला बसायलाच नकार दिला.

"एवढी वर्षं मी बैलापुढं काय धोंडे टाकून राह्यले का?" तिने विचारलं. याचं उत्तर प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं.

तोवर पोळा आला. त्या साली वेशीतल्या तोरणाखालून पहिली जोडी नेण्याचा मान आमच्या घराकडे होता. आबांनी, म्हणजे वडिलांनी, या दिवसाची किती वर्षं वाट पाहिली होती हे गावाला ठाऊक होतं. महिनाभर त्यांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. आमची जोडी हौश्या आणि नवश्याची. हौश्या मोठा लाघवी! कुणीही जवळून गेलं की मान लांब करायचा, डोळे अर्धे मिटायचा आणि असा काही सुस्कारा सोडायचा की तीन दिवसांचा उपाशी वाटावा. नवश्या अबोल. तो भिंतीकडे तोंड करून पुढ्यात येईल ते खायचा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी घरात जाहीर केलं की यंदा बैलांना पुरणपोळी माणशी, म्हणजे बैलशी, एकच.

"आबा, पोळी खुराकात येती," मी तक्त्यावर बोट ठेवून म्हणालो. "गहू, गूळ अन् हरभऱ्याची डाळ. एकदम लई पोटात गेलं तर आंबतं अन् पोट फुगतं."

"तो निवद हाय. खुराक न्हाई," आबा म्हणाले.

"बैलाच्या पोटाला ते कुठं कळतंय?"

आबांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. "तुह्या पोटाला तरी कळतं का?" एवढंच बोलून ते झुली झटकायला निघून गेले.

पण मी बधलो नाही. पोळ्याच्या सकाळी बैल ओढ्यावरून धुऊन आणले आणि मी गोठ्याच्या दारात बाजेवर पहाऱ्याला बसलो. आणि काय सांगू, त्या दिवशी अख्ख्या घराला माझीच गरज पडायला लागली! आईने मला माळवदावरून बाशिंगं काढायला पाठवलं. सुमनला नेमका तेव्हाच विहिरीवरून पाण्याच्या दोन घागरी आणून हव्या होत्या. शेजारचे मुसाभाई दरसाल आमच्या बैलांची शिंगं रंगवायला यायचे, त्यांना रंग पातळ करायला घासलेट कमी पडलं. आबांनी तर वेशीतलं तोरण सरळ बांधलंय का तिरपं, हे बघायला मला दोनदा पिटाळलं. प्रत्येक वेळी परत यावं तर हौश्या आपला जिभेने नाक चाटत उभा. मला फार आनंद झाला. नाक ओलं असणं आणि जनावराने ते चाटत राहणं हे निरोगीपणाचं लक्षण, असं सरांनी स्वतः सांगितलं होतं. माझा आहार लागू पडत होता!

आमच्याकडे देवाला निवद दाखवला की दुपारी माणसांची पंगत बसते आणि बैलांचा निवद संध्याकाळी, वेशीतून आल्यावर. मी पहारा सोडायला तयार नव्हतो, म्हणून ताट गोठ्यातच मागवलं. चार पोळ्या संपल्यावर आणखी तीन मागवल्या. आई हरखून गेली. पोरगं मेहनत करतंय म्हणून भूक लागली, असं ती मुसाभाईंना सांगताना मी ऐकलं. सुमनने मात्र ताट उचलताना माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, कारण मी अडीच पोळ्यांवर कधी गेलो नव्हतो.

चारच्या सुमाराला हौश्या खाली बसला. शिंगं रंगवलेली, अंगावर झूल, कपाळाला बाशिंग, आणि डावी कूस टम्म! मी बोटाने टिचकी मारली तर हलगीसारखा आवाज आला. तो सुस्कारे सोडत होता, पण हे नेहमीचे सुस्कारे नव्हते. आबा धावत आले आणि धोतराची पर्वा न करता शेणात बसून त्यांनी त्याचं तोंड मांडीवर घेतलं. मान, तोरण, वाजंत्री यातलं काहीच त्यांच्या चेहऱ्यावर उरलं नव्हतं. "ऊठ रे लेका," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. मी तक्त्याकडे पाहिलं. त्यावर बारा नमुने होते आणि उपाय एकही नव्हता.

मुसाभाई फटफटीवरून वाटूरला गेले आणि गुरांच्या डॉक्टरांना जेवत्या ताटावरून उठवून घेऊन आले. डॉक्टरांनी कूस दाबली, कान लावला आणि विचारलं, "काय खाल्लं यानं?"

"कडबा, थोडा घास अन् मापात सरकी पेंड," मी पटकन सांगितलं. "सगळं तक्त्याप्रमाणं. पोळी तर एक बी न्हाई."

"याच्या तोंडाला विलायचीचा वास येऊन राह्यला," डॉक्टर म्हणाले. "खरं सांगा. त्यावर औषध ठरंल."

आई पदराशी चाळा करत पुढे आली. तिने पाच दिल्या होत्या आणि उरलेल्या पुरणाचे चार गोळे. वर्षभर राबणाऱ्या जिवाला एक पोळी दाखवायची म्हणजे पाप, म्हणत तिने डोळे पुसले. सुमनने चार. मुसाभाईंनी घरून गुळाचा खडा आणला होता. ("खडा" म्हणताना त्यांनी हाताने जो आकार दाखवला, तो नारळाएवढा होता.) आबा मान खाली घालून म्हणाले, "आठ. तू तोरण बघायला गेल्ता तव्हा. दोन खेपंला."

डॉक्टरांनी पुन्हा कूस दाबली आणि मान हलवली. एवढ्याने इतकं फुगत नाही, म्हणाले. "अजून कोण हाय? लाजू नका."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सुमन तेवढी माझ्याकडे बघत होती.

"सात," मी म्हणालो.

"सात काय?" आबांनी विचारलं.

"माह्या ताटातल्या. सगळ्या. तो माह्याकडं बघून राह्यल्ता, आबा. मला वाटलं, बिचाऱ्याला आज कुणीच काही दिलं न्हाई."

आबा मला काहीतरी बोलले असते, पण डॉक्टरांनी त्यांना औषध पाजायचं बांबूचं नाळकांडं धरायला लावलं. गोडं तेल आणि खायचा सोडा नाळकांड्याने हौश्याच्या घशात उतरवला. सगळ्यांनी मिळून त्याला उठवलं. आता बसू द्यायचं नाही, हळूहळू चालवत ठेवायचं, असं डॉक्टरांनी बजावलं.

"मंग वेशीकडंच चालवा ना, आबा," मुसाभाई म्हणाले. "तसं बी तिकडंच जायचंय."

असा आमचा मान निघाला! पुढे हलगी, मागे हौश्या पावलं मोजत, त्याची कूस चोळत डॉक्टर, शेणाने भरलेल्या धोतरात आबा आणि सगळ्यात शेवटी मी, नवश्याचा कासरा धरून. तोरणाच्या बरोबर खाली हौश्या थांबला. हलगीवाला थांबला. गाव श्वास रोखून बघायला लागलं. हौश्याने मान लांब केली, डोळे अर्धे मिटले आणि असा ढेकर दिला की पाराजवळची म्हातारी माणसं उठून उभी राहिली! पाठोपाठ दुसरा, मग तिसरा. डॉक्टरांनी कूस दाबून पाहिली आणि हसले. आबांनी हौश्याच्या गळ्यात हात टाकले आणि भर वेशीत रडले. मीही रडलो, अगदी हुंदके देऊन. हलगी पुन्हा सुरू झाली ती अशी की विचारू नका.

घरी आल्यावर बैल जागेवर बांधले. डॉक्टर बाजेवर चहाला टेकले. हौश्याला दोन दिवस फक्त कडबा, असं ते म्हणाले, आणि मला वाटलं, गेलेली अब्रू थोडी परत मिळवायची हीच वेळ आहे. कडब्याचं पोषणमूल्य मी लिहूनच ठेवलंय, असं म्हणत मी त्यांना चहाच्या कपासकट तक्ता दाखवायला गोठ्यात नेलं.

खुंटीला नुसती सुतळी लोंबत होती. खाली नवश्या भिंतीकडे तोंड करून शांतपणे चघळत होता. दिवसभरात पाच जणांनी हौश्याला चारलं होतं आणि या अबोल जीवाकडे एकानेही पाहिलं नव्हतं. त्याने कडब्यापासून सरकीपर्यंत बाराही नमुने पुड्यांसकट संपवले होते. माझ्या तक्त्याप्रमाणे घरात तो एकटाच जेवला होता. त्याच्या ओठाबाहेर एक कोपरा उरला होता, त्यावर गोल शिक्का दिसत होता. मी ओढायला गेलो, तोवर तोही आत गेला.

"डॉक्टरसाहेब, यानं पुठ्ठा खाल्ला," मी घाबरून म्हणालो. "याला बी तेल पाजायचं का?"

"काही गरज न्हाई. पुठ्ठा म्हंजी कोरडी वैरण."

"अन् प्रमाणपत्र?"

डॉक्टरांनी चहाचा शेवटचा घोट घेतला.

"ते बी त्याच वर्गात. पोषणमूल्य काही न्हाई, पण अपाय बी न्हाई."