मुक्ताच्या नावाचं शेत

अन्नपूर्णाकाकूंना नावाने हाक मारणारं गंगेकाठच्या आमच्या रामघाटच्या मराठी गल्लीत आता कोणी उरलेलं नाही. सगळ्यांच्या त्या काकू. मी समोरच्या घरात सून म्हणून आले तेव्हापासून बघतेय, या बाईने कधी कशाचा हट्ट धरला नाही. धरला तो एकदाच, शेतासाठी, आणि तोही मेला फळला नाही.

गंगेपलीकडे, रामनगरच्या पुढे, त्यांच्या वडिलांनी, शिवरामशास्त्र्यांनी, लेकीच्या नावावर एक तुकडा घेऊन ठेवला होता. लेकीचं नाव मुक्ता. मग लग्न झालं. सासरी ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठीने त्यात 'अन्नपूर्णा' लिहिलं, की संपली मुक्ता. आपल्यात हे असंच चालत आलंय. आधार, बँक, रेशन, सगळीकडे अन्नपूर्णा. फक्त शेताच्या कागदावर मुक्ता तेवढी राहून गेली.

सरकारने शेतकऱ्यांच्या खात्यात पैसे टाकायला सुरुवात केली तेव्हा पहिले काही हप्ते नीट आले. मोबाइलवर मेसेज यायचा आणि त्यात नाव असायचं, मुक्ता. काकू तो मला वाचायला लावायच्या. मी रक्कम वाचू लागले की म्हणायच्या, "ते राहू दे, नाव वाच. बाबा गेल्यापासून मला या नावाने कोणी विचारलं नाही गं."

मग आधारशी चेहरा जुळवायचा नियम आला आणि हप्ता बंद झाला. शेत मुक्ताचं, चेहरा अन्नपूर्णाचा.

मी काकूंना घेऊन तहसिलीत गेले, चपला झिजेपर्यंत गेले. तिथल्या बाबूला तांदळाचं ताट समजावून सांगितलं. तो म्हणाला, "शादी में सरनेम बदलता है बहनजी, औरत थोड़े ही बदल जाती है." मला त्याचा राग आला. खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा त्या ताटाचा जास्त आला.

त्याने लग्नाचा दाखला मागितला. त्या काळच्या लग्नांना कसला आलाय दाखला? मग म्हणाला, साक्षीदार आणा, घरचे चालणार नाहीत. मुक्ताला ओळखणारे सगळे केव्हाच मणिकर्णिकेला पोचलेले. शेवटी लेखपाल, म्हणजे आपल्याकडचा तलाठी, गावात चौकशीला गेला. शेत बटाईने करणाऱ्यांना त्याने विचारलं, मुक्ता कोण? ते बिचारे काकूंना वर्षानुवर्षं 'पंडिताइन' म्हणत आलेले. मुक्ता नावाची बाई त्यांनी पाहिलीच नव्हती. लेखपालाने लिहून टाकलं, मालकीण बहुधा मयत.

तेव्हा काकूंचा भाचा, त्यांच्या गेलेल्या भावाचा मुलगा कुशल आला. मुलगा वाईट नाही, शेताचं सगळं तोच बघतो. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाला, "आत्या, असंच राहिलं तर जमीन बेवारस ठरेल. मुक्ता गेली असं तूच लिहून दे. कागदावर तिचं लग्न झालेलं नाही, मूलबाळ नाही, म्हणजे शेत माझ्याकडे येईल. तुझे तांदूळ मी पोचवत जाईन."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "मैत्रेयी, दुसरा काही रस्ता आहे का गं?"

नव्हता. मी तसं सांगितलं.

तहसिलीत काकूंनी लिहून दिलं की शिवरामांची मुलगी मुक्ता अविवाहित वारली. खाली नातेवाईक म्हणून सही केली, अन्नपूर्णा. या वेळी बाबूने पुरावा मागितला नाही.

परत आल्यावर काकू घराकडे वळल्याच नाहीत. पंचगंगा घाटाच्या पायऱ्या धरून धरून उतरल्या आणि नेसत्या लुगड्यानिशी पाण्यात शिरल्या. थंडीचे दिवस, मी नको नको म्हणत राहिले. त्यांनी बुडी मारली, जशी आपल्यात कोणी गेल्याचं कळल्यावर मारतात. बाजूला होडी बांधणाऱ्या मल्लाहाने विचारलं, "कौन गुजर गया, माताजी?"

काकूंनी तोंडावरचं पाणी पुसलं.

"मायके की थी," त्या म्हणाल्या. "एक वही बची थी."